पलंगभर फूल

आमच्या घरात सहीला फार मान आहे. पणजोबा बडोदे संस्थानच्या नोकरीत, आजोबा सरकारी कचेरीत, आणि दोघांच्याही सह्या अशा की बघणाऱ्याने खुर्चीत सरळ होऊन बसावं. घरातलं मूल दहावीला गेलं की आजोबा त्याला समोर बसवून सही करायला लावत. पसंत पडली नाही की परत. माझ्या सहीला शेपूट फार लांब म्हणून ती परत आली. मग मी रुसून शेपूटच कापून टाकली, तेव्हा आजोबा "चालेल" म्हणाले. बाबांची सही पहिल्याच झटक्यात पास झाली होती, असं बाबा सांगतात. त्याला दुसरा साक्षीदार नाही.

पण बाबांना ते शोभायचं. बडोद्याच्या गोरवा भागातल्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. संगणक यायच्या आधी यंत्राचा प्रत्येक भाग कागदावर हाताने आखावा लागे, आणि ते काम बाबांनी जन्मभर केलं. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की ताटावरून उठून ते आधी कॅलेंडर सरळ करत. दुसऱ्यांच्या घरचंसुद्धा. असल्या माणसाच्या पोटी जन्माला येऊन मी कापडावरची डिझाइनं काढायला लागले. चादरी, ओढण्या, ड्रेसचं कापड. माझं काम बारीक, म्हणजे नखाएवढी फुलं, त्याहून लहान पानं, आणि ती सगळीकडे सारखी पेरलेली. बाबा माझ्या खांद्यावरून डोकावून विचारत, "आज किती डास मारले?" मी चिडायचे. मग ते एखाद्या पानावर बोट ठेवून म्हणत, "ही रेघ भित्री आहे. कुठं जायचंय ते तिला माहीत नाही." मी आणखी चिडायचे, कारण ते खरं असायचं.

मग बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे आता राहणार, औषधाने थोडं कमी होईल. चहाचा कप गेला आणि अर्धा भरलेला स्टीलचा पेला आला. आमटीची वाटी गेली, आमटी थेट भातावर यायला लागली. घरात ह्याबद्दल कुणी काही बोललं नाही आणि बाबांनी सगळं चालवून घेतलं. सही मात्र त्यांना चालवून घेता येईना. माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न रजिस्टर पद्धतीने झालं तेव्हा साक्षीदार म्हणून मोठ्या मानाने बाबांना पुढे केलं. त्यांनी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, हात खिशात घातला आणि म्हणाले, "मी चष्मा विसरलो." चष्मा त्यांच्या नाकावर होता. खोलीतल्या सगळ्यांनी तो पाहिला आणि सगळे भिंतीकडे बघायला लागले. शेवटी आईने सही केली.

त्या दिवसापासून बाबांनी मला डासांबद्दल विचारणं सोडलं. आमचं स्वतःचं कॅलेंडर तिरकं लटकत राहिलं आणि ते त्याच्याखाली बसून मुकाट जेवायला लागले. मला ते बघवेना. मला टोमणे मारणारे बाबा परत हवे होते, आणि त्यांच्या हातात काहीतरी परत यायला हवं होतं. पण काय द्यायचं ते सुचत नव्हतं. पेन्सिल दिली असती तर त्यांनी ती माझ्याच डोक्यात खुपसली असती.

अशात माझं काम घेणाऱ्या छपाईवाल्या शेठचा फोन आला. "बेन, हवे नानां नानां फूल बंध. आखो पलंग भराई जाय एवुं एक ज फूल आपो." म्हणजे बारीक फुलं पुरे, आता अख्खा पलंग भरेल असं एकच फूल हवं. मी म्हटलं, त्यात काय, माझंच एखादं फूल संगणकावर मोठं करते. केलं. फूल मोठं झालं आणि त्याच्यासोबत रेघेची भीतीही मोठी झाली. नखाएवढी असताना जी लपून जायची, ती आता वीतभर रुंद होऊन पलंगावर पसरली. लहान काढलेलं चित्र मोठं केलं तर ते मोठं होत नाही, नुसतं सुजतं. मोठं चित्र मोठंच काढावं लागणार, एवढं मला कळलं. पण काढायचं कुठे? हॉलमध्ये सोफा आणि बेडरूममध्ये पलंग. ज्या पलंगासाठी फूल, त्याच पलंगामुळे फुलाला जागा नव्हती.

राहिलं धाबं. गच्चीला आम्ही बडोद्याची मराठी माणसंही धाबंच म्हणतो. समा भागातली आमची सोसायटी जुनी, इमारत तीन मजली, आणि धाब्यावर पांढऱ्या टाइल्सचे फुटके तुकडे बसवलेले. उत्तरायण होऊन गेलं होतं आणि पापड-वेफर वाळत घालायचे दिवस अजून यायचे होते, त्यामुळे धाब्यावर सध्या कुणाचा हक्क नव्हता. कापलेले पतंग अडवायचा लांब बांबू पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. मी त्याच्या टोकाला खराटा बांधला, बादलीत नुसतं पाणी घेतलं आणि फरशीवर ओल्या रेघा ओढायला लागले. वाळल्या की पुन्हा ओढायच्या, असा सराव.

पहिल्या दिवशी माझी वर्तुळं पोळीएवढी आली. एवढं मोकळं धाबं, एवढा लांब बांबू, आणि मी मनगट वळवून पोळ्या लाटत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या मासी कपडे वाळत घालायला आल्या, बादली खाली ठेवून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग धाब्याचा दुसरा कोपरा दाखवून मायेने म्हणाल्या, "बेन, कचरो तो बधो त्यां पड्यो छे." मी थँक्यू म्हटलं आणि तो कोपरा झाडून दिला. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

पाठ दुखायला लागली तेव्हा कुठे अक्कल आली. बोटं विसरायची, मनगट विसरायचं, बांबू दोन्ही हातांनी छातीशी धरायचा आणि कमरेतून फिरायचं. भिजलेला खराटा जड असतो, तो आपल्याच वजनाने पुढे जातो. हाताच्या बारीकसारीक हलण्याकडे तो लक्षच देत नाही. असं एक मोठं वर्तुळ माझ्याकडून पूर्ण झालं आणि मी बांबू धरून तशीच उभी राहिले. ह्यात बोटांना काही कामच नव्हतं. बाबांचं सगळं घोडं अडलं होतं ते बोटांपाशी.

पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. "बाबा, हे तुम्हाला जमेल" असं म्हटलं असतं तर त्यांना दयेचा वास आला असता, आणि दयेचा वास आला की ते घरातून बाहेर जाऊन बसतात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते रोज संध्याकाळी धाब्यावर फेऱ्या मारत. माझ्या ओल्या रेघांकडे बघायचं नाही असं ठरवून ते मान इतकी ताठ ठेवत की त्यांचं न बघणं शेजारच्या इमारतीवरूनही दिसलं असतं.

मी मांजरपाट आणला. शिंप्याकडून पट्टे जोडून पलंगापेक्षा चारी बाजूंनी मोठं कापड करून घेतलं, धाब्यावर अंथरलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. बाबा फेरी मारत जवळून गेले. जाता जाता, न थांबता, खाली न बघता त्यांनी एक वीट चपलेने जराशी सरकवली. ती आता कापडाच्या कडेला बरोबर काटकोनात होती. मी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे ठरवलं की ह्या माणसाला वाकडेपणाने छळायचं.

दुसऱ्या दिवशी मी काळा रंग कालवला. कापडाच्या मधोमध फुलाचा गाभा काढला आणि डावीकडे पहिली पाकळी. ती मी पूर्ण विचार करून वाकडी काढली. सुरुवात ऐटीत, मग पोट नको तेवढं बाहेर, आणि टोक असं मुरडलेलं की कुणालाही ते धरून जागेवर बसवावंसं वाटेल. रंग धुऊन निघणारा नव्हता, कापड एकच होतं आणि शेठ वाट बघत होते. तरी इतकी मजा मला कित्येक वर्षांत कामात आली नव्हती. काढून झाल्यावर मी बांबू टाकीला टेकवला आणि कपाळावरचा घाम पुसत, दमल्याचं सोंग करत संध्याकाळची वाट बघत बसले.

बाबा आले. पहिल्या फेरीत मान ताठ. दुसऱ्या फेरीत पाय मंदावले. तिसऱ्या फेरीत ते थांबले, दोन्ही हात खिशात घालून पाकळीकडे बघत राहिले आणि फेऱ्या अर्धवट टाकून खाली गेले.

जेवताना त्यांचा घास फिरत होता. आई म्हणाली, "अहो, पोट दुखतंय का?"

"नाही."

"मग भाजी नाही आवडली?"

"भाजीला काय झालंय."

थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "गाभ्याचं केंद्र कुठे घेतलंस?"

"केंद्र?" मी म्हटलं. "तसं काही घेतलं नाही. अंदाजाने काढलं."

"अंदाजाने," बाबा आईला म्हणाले. मी तोंडातून शिवी काढल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. आईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ताटात बघत होते. माझी आई चाळीस वर्षं ह्या दोन माणसांमध्ये राहिलेली बाई आहे, तिला सगळं समजलं. माझ्या भातावर तिने तूप जरा जास्तच वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाब्यावर गेले, तर दोघं माझ्याआधी हजर. आईच्या हातात सुतळीचं बंडल, काखेत बसायचा पाट. बाबांचे हात खिशातच, पण तोंड सुटलं होतं. "आधी मध्यरेषा. आडवी एक, उभी एक. लांब तुकडा, आखूड तुकडा, लांब तुकडा, अशी काढ. मध्यरेषेशिवाय वर्तुळ काढणं म्हणजे पत्त्याशिवाय पाहुणा म्हणून जाणं."

मध्यरेषा झाल्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे आईला पाटावर बसवलं आणि सुतळीचं एक टोक तिच्या हातात दिलं. आई कंपासचं टोक झाली. सुतळीचं दुसरं टोक मी बांबूला बांधलं.

"हलू नकोस," बाबा आईला म्हणाले.

"हलत नाहीये. श्वास घेतेय."

"हळू घे."

मी फिरायला लागले आणि सुतळी मुद्दाम सैल सोडली.

"ताण ती!"

"ताणलीय की."

"ही ताणलीय? ह्याच्यावर कपडे वाळत घाल."

मी पुन्हा फिरले, पुन्हा सुतळीला झोळ. आई पाटावरून म्हणाली, "चालो, मला खाली कुकर लावायचाय." बाबांचा धीर सुटला. त्यांचे हात खिशातून बाहेर आले आणि त्यांनी माझ्या हातातून बांबू ओढून घेतला. घेतल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं. बांबूच्या वरच्या टोकाला थरथर चढली होती आणि ती तिघांनाही दिसत होती. ते तो मला परत देणार, तेवढ्यात मी म्हटलं, "राहू द्या बाबा, जड आहे तो. तुम्हाला नाही जमायचा, नाही फावणार."

आईने डोळे मिटून घेतले.

"नाही फावणार?" बाबा म्हणाले. त्यांनी सुतळी झटकून टाकली, खराटा रंगाच्या बादलीत बुडवला, काठावर निथळवला, दोन्ही हातांनी बांबू छातीशी धरला, खराटा कापडावर टेकवला आणि कमरेतून वळले. पाकळी गाभ्यापासून निघाली, पोटाशी फुगली आणि टोकाला जाऊन मिटली. रेघेच्या कडेला खराट्याच्या काड्यांची दातेरी किनार होती, पण तशी ती माझ्याही रेघेला होती. कुणाच्याही असती. ह्या रेघेला कुठं जायचंय ते माहीत होतं.

मला रडू यायला लागलं. पण मी रडले असते तर बाबांनी बांबू तिथेच टाकला असता आणि पुन्हा धाब्यावर पाय ठेवला नसता. म्हणून मी म्हटलं, "जरा जाड आली."

"जाड?" बाबा म्हणाले, आणि दुसरी पाकळी काढायला वळले. आई पाटावर बसून राहिली. त्या दिवशी आम्ही कुकर न लावता बाहेरून ढोकळा आणून खाल्ला.

पुढचे दिवस आम्ही फूल कमी काढलं आणि भांडलो जास्त. बाबांची वर्तुळं नको तेवढी गोल. मी म्हटलं, हे फूल आहे की प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधलं चाक? ते म्हणाले, चाक निदान फिरतं तरी. त्यांना चारी बाजूंनी समास हवा होता, फूल त्याच्या आत. मी सांगत होते की कापडावर फूल कडेच्या आत थांबलं की त्याचा रुमाल होतो. पाकळ्या कडेपलीकडे निघून जायला हव्यात, तरच पलंगावर अंथरल्यावर ते फूल पलंगात न मावणारं वाटेल.

"कागदाबाहेर रेघ?" बाबा म्हणाले. "कारखान्यात मला घरी पाठवला असता."

"हा कारखाना नाही. पलंग आहे."

"म्हणून काय झोपा काढायच्या?"

शेवटी शेणात पाय द्यावा तसं तोंड करून त्यांनी एक पाकळी कडेपलीकडे नेली. खराटा कापडावरून उतरून टाइल्सवर गेला आणि पांढऱ्या धाब्यावर काळा फराटा उठला. तो अजून आहे. बाबा त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी उरलेल्या सगळ्या पाकळ्या कडेपलीकडे नेल्या, काही तर जरुरीपेक्षा जास्तच. मोबदला म्हणून त्यांना मापाचे बाण काढायचे होते. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत इतके फूट, दोन्हीकडे बाण. मी म्हटलं, काढा, फोटोतून नंतर पुसून टाकीन. माझ्या त्या पहिल्या वाकड्या पाकळीबद्दल मात्र ते काहीच बोलले नाहीत. तिला वगळून काम करत राहिले. मला वाटलं, सभ्यपणा असेल. आश्चर्य वाटलं, पण असेल.

आता मी केलेला घोळ. फूल पूर्ण झालं, मी टाकीवर चढून वरून फोटो काढला आणि खाली उतरायच्या आधीच घाईघाईत शेठना पाठवला. सोबत लिहिलं, "फायनल छे. आवता अठवाडियाथी काम चालु." पुढच्या आठवड्यापासून काम सुरू. शेठकडून डोळे मिचकावणारा इमोजी येईल म्हणून वाट बघत होते, तर उत्तर आलं ते तळमजल्यावरच्या सोसायटीच्या चेअरमनकाकांकडून: "कोनी परमिशनथी?" फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला होता. धाब्याचा फोटो, त्यावर भलंमोठं वर्तुळ, आडव्याउभ्या मध्यरेषा, फुटांतली मापं, बाण, आणि पुढच्या आठवड्यापासून काम चालू.

मी खाली धावेपर्यंत चेअरमनकाका वर निघाले होते. त्यांच्या मागे दुसऱ्या मजल्यावरच्या मासी, त्यांच्या मागे आणखी काही बिऱ्हाडं. आई ओट्याशी होती तशी, पीठ लागलेल्या हातांनी आली. बाबा कापडाशेजारी उभे होते.

"साहेब," काका म्हणाले, "आ शुं बनाववाना छो?"

बाबांनी फुलाकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "हेलिपॅड."

काकांनीही आभाळाकडे पाहिलं. मागची बिऱ्हाडं कुजबुजायला लागली. कुणीतरी विचारलं की त्यानंतर फ्लॅटचा भाव वाढेल का. मी मध्ये पडून ओरडले, "काका, चादर छे! पलंगनी चादर!" पण सत्याची एक पंचाईत असते, ते हेलिपॅडच्या मागून बोललं तर कुणाला पटत नाही. काकांनी मापाच्या बाणांवर बोट ठेवलं. चादरीवर फुटांची मापं आणि मध्यरेषा कोण काढतं? मासींनी साक्ष दिली की ही बेन कित्येक दिवस इथे नुसतं पाणी शिंपडून झाडल्याचं नाटक करत होती. बाबा चेहरा सरळ ठेवून उभे होते. त्यांच्या मिशीचा कोपरा हलत होता, आणि तो मला फार दिवसांनी दिसला.

मग काका म्हणाले, "तो लखी आपो. बांधकाम नथी, चादर छे, एम. मालिकनी सही साथे." म्हणजे तसं लिहून द्या, मालकाच्या सहीसकट. आणि त्यांनी खिशातलं पेन काढून बाबांपुढे धरलं.

फ्लॅट बाबांच्या नावावर आहे. बाबांचा हात खिशात गेला. आईचे हात पिठासकट हवेतच राहिले. इतके दिवस छळून, चिडवून, भांडून जे परत आणलं होतं ते एका पेनासाठी पुन्हा खिशात चाललं होतं, तेही सगळ्या इमारतीसमोर, आणि माझ्या एका चुकीच्या बटणामुळे. मी घाईने म्हटलं, "काका, बाबांचा चष्मा खाली राहिलाय, मी नंतर..."

"चष्मा माझ्या नाकावर आहे," बाबा म्हणाले.

बाबांनी पेनाकडे पाहिलं आणि मान हलवली. "आ नहीं चाले. बहु नानी छे." म्हणजे हे पेन चालायचं नाही, फार लहान आहे. ते टाकीपाशी गेले, बांबू घेतला, खराटा बुडवून निथळवला आणि कापडाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापाशी आले. यंत्राच्या नकाशावर त्या कोपऱ्यात एक चौकट असते. कशाचा नकाशा, कुणी काढला, कुणी तपासला, ते त्या चौकटीत लिहितात. बाबांनी चौकट आखली आणि आत हातभर उंचीची अक्षरं काढायला लागले.

वस्तू: पलंगपोस. माप: आहे तेवढंच. आखणी: लेक. तपासणी: बाप.

आणि त्याखाली सही. पाकळीच्या लांब रेघेत जे लपलं होतं ते सहीच्या वळणांत लपलं नाही. प्रत्येक वेलांटी थरथरली, आणि हातभर उंच असल्यामुळे धाब्याच्या पार त्या टोकालासुद्धा दिसत होती. बाबांना ते दिसत होतं. ते थांबले नाहीत. सही पूर्ण झाल्यावर त्यांनी खराटा पुन्हा बुडवला आणि चौकटीखाली आणखी एक ओळ लिहिली.

टीप: डावीकडची पाकळी मुद्दाम वाकडी. तशीच ठेवावी.

चेअरमनकाकांनी वाकून एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, "प-लं-ग-पो-स." मग सरळ होत विचारलं, "तो आ साचे चादर ज छे?" त्यांचा आवाज चक्क पडला होता. मला वाटतं त्यांना हेलिपॅड आवडलं होतं.

सगळे खाली गेल्यावर मी बाबांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच संध्याकाळी."

"मग जेवला का नाहीत?"

बाबा खराटा धूत होते. "चुकून वाकडी झालेली रेघ घाबरलेली असते," ते म्हणाले. "ही नव्हती. इतक्या वर्षांत तुझी ही पहिली रेघ जी घाबरली नव्हती, आणि ती निघाली वाकडी. ती सरळ करावी असंही वाटेना, बघवतही नव्हती. घास उतरणार कसा?" मग बादली उपडी करून म्हणाले, "आणि सुतळी सैल सोडायचं नाटक फार वाईट केलंस."

शेठनी कोपऱ्यातलं "लखाण" काढायला लावलं, बाकी सगळं जसंच्या तसं छापलं. मूळ कापड आईने धुऊन, घडी घालून आपल्या कपाटात ठेवलंय आणि ती ते कुणाला देत नाही. काही आठवड्यांनी छापलेल्या चादरीचा नमुना घरी आला. बेल वाजली तेव्हा मी आतल्या खोलीत होते. कुरिअरवाला आला की बाबा आम्हाला हाक मारतात, कारण तो फोन पुढे करतो आणि त्याच्यावर बोटाने सही करावी लागते. हाक आली नाही म्हणून मी दारापाशी गेले. बाबा स्वतः उभे होते.

"काका, अहीं आंगळीथी सही करी दो," कुरिअरवाला म्हणाला.

बाबांनी फोनवरच्या त्या चिंचोळ्या चौकटीकडे पाहिलं. "आटलामां मारी सही नहीं माय," ते म्हणाले. "मोटुं कंई होय तो आपो." म्हणजे एवढ्यात सही मावायची नाही, मोठं काही असेल तर द्या.

कुरिअरवाल्याने क्षणभर विचार केला, खिशातून जाड मार्कर काढला आणि खोकंच पुढे केलं. खोक्यावरच्या सहीचा फोटो काढला की त्याचं भागणार होतं. बाबांनी मार्कर मुठीत धरला आणि खांद्यापासून सही करायला लागले. ती थरथरत खोक्याच्या कडेपर्यंत गेली आणि तिथे थांबली नाही. बाबांनी खोकं वळवून ती दुसऱ्या बाजूवर पूर्ण केली.

मग लांब धरून बघत मला म्हणाले, "शेपूट जरा लांब झाली."

मी आजोबांसारखी मान मागे नेली, नीट पाहिलं आणि म्हटलं, "चालेल."